जुना पीएसपी चार्ज होत नसेल, तर नवी बॅटरी घेण्याआधी काय तपासावे

गोव्यातील साखळी गावाहून एका वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या मामांनी २००९ साली जहाजावरून परतताना आणलेला पीएसपी-३००० (सोनीचे हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेमचे यंत्र) गेली चार-पाच वर्षे कपाटात पडून होता. यंदा चतुर्थीला घरी जमलेल्या मुलांसाठी तो बाहेर काढला, तेव्हा मूळ चार्जर लावूनही दिवा लागला नाही. म्हणून ऑनलाइन नवी बॅटरी मागवली. ती घालून चार्जर लावला की नारिंगी दिवा चार-पाच सेकंद लागतो आणि विझतो. मोबाइलच्या चार्जरला यूएसबी केबलने जोडल्यास काहीच घडत नाही. आता आणखी एक बॅटरी मागवावी, की यंत्रच गेले असे समजावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

तूर्त दोन्ही गोष्टी करू नयेत. आधी दोन्ही बॅटऱ्या बाजूला ठेवा, बॅटरीची जागा रिकामी असतानाच चार्जरची पिन पीएसपीच्या जॅकमध्ये घाला आणि यंत्र नेहमीप्रमाणे चालू करून पाहा. हे यंत्र बॅटरी नसतानाही नुसत्या अडॅप्टरवर चालते, आणि पुढची सगळी तपासणी याच एका गोष्टीवर उभी आहे. हिरवा दिवा लागून पडदा उजळला, तर चार्जर, जॅक, आतला फ्यूज आणि मुख्य वीजपुरवठा हे निदान काम करण्याइतपत शाबूत आहेत आणि दोष बॅटरी, तिचे संपर्क (वीज जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) किंवा चार्जिंगचे सर्किट यांत शोधायचा आहे. काहीच झाले नाही, तर बॅटरी बदलून उपयोग नाही, कारण वीज आतच शिरत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहा जणांपैकी ही चाचणी करून आलेला एखादाच असतो आणि उरलेल्यांच्या पिशवीत एक नवी बॅटरी असतेच.

मात्र त्याआधी जुनी बॅटरी हातात घेऊन तिच्याकडे नीट पाहा. सपाट टेबलावर ठेवून वरून बोटाने हलकेच दाबले असता ती डुलत असेल किंवा पीएसपीच्या मागच्या झाकणाला फुगवटा आला असेल, तर बॅटरीच्या आतील द्रवाचे विघटन होऊन वायू साठला आहे असे समजावे. या यंत्राच्या जुन्या बॅटऱ्या फुगणे ही नेहमीची गोष्ट आहे. अशी बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, टोचू नये आणि झाकण बसत नाही म्हणून दाबून बसवू तर मुळीच नये. कोरड्या वाळूच्या डब्यात घालून ती घराबाहेर सावलीत ठेवावी आणि पंचायत किंवा नगरपालिका ई-कचरा गोळा करते तेव्हा द्यावी. भारतात २०२२ पासून लागू असलेल्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार वापरलेली बॅटरी घरच्या कचऱ्यापासून वेगळी ठेवणे हे ग्राहकाचेही कर्तव्य आहे.

आता चार्जरकडे वळू. पीएसपीला ५ व्होल्टचा पुरवठा लागतो. पिनचा बाहेरचा व्यास ४.० मिलिमीटर आणि आतल्या छिद्राचा १.७ मिलिमीटर असतो, आणि आतला भाग धन असतो. पहिल्या, म्हणजे पीएसपी-१००० मॉडेलच्या मूळ अडॅप्टरवर २ अँपिअर लिहिलेले असते, तर नंतरच्या बारीक मॉडेलांच्या अडॅप्टरवर १.५ अँपिअर. अँपिअरचा आकडा जास्त असला तर बिघडत नाही, कारण यंत्र आपल्याला लागेल तेवढाच प्रवाह घेते. व्होल्टचा आकडा मात्र ५ च हवा. अगदी याच मापाची पिन ९ किंवा १२ व्होल्टच्या चार्जरलाही असू शकते, आणि घरात साठलेल्या चार्जरच्या ढिगातून जी पिन बसली ती लावली, असे करून फ्यूज उडवलेली यंत्रे मी पुष्कळ पाहिली आहेत. आपल्या चार्जरवरील बारीक अक्षरे भिंग घेऊन वाचावीत.

अक्षरे बरोबर असली म्हणून चार्जर बरोबर आहे असे होत नाही. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून एक टोक पिनच्या आत आणि दुसरे बाहेरच्या धातूला लावले, की चांगल्या आणि खराब अशा दोन्ही चार्जरवर ५ व्होल्ट दिसू शकतात, कारण त्या वेळी चार्जरवर भार नसतो. आतला कपॅसिटर सुकलेला असेल किंवा वायर पिनपाशी वळून वळून आतून तुटत आली असेल, तर भार पडताच व्होल्टेज कोसळते. म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून १० ओहम, ५ वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर आणावा, तो पिनच्या दोन टोकांना जोडावा आणि त्याच वेळी व्होल्टेज मोजावे. ५ व्होल्टला १० ओहममधून अर्धा अँपिअर प्रवाह वाहतो आणि रेझिस्टरमध्ये अडीच वॅट उष्णता होते. तो चटका बसण्याइतका तापतो, तेव्हा तो लाकडावर किंवा प्लास्टिकवर न ठेवता फरशीवर ठेवावा. एका रेझिस्टरवर व्होल्टेज टिकले, तर तसाच दुसरा समांतर जोडून एक अँपिअरचा भार द्यावा. या भारावर आकडा ४.७५ च्या खाली गेला किंवा वायर हलवताच नाचू लागला, तर आपला गुन्हेगार सापडला. नारिंगी दिवा चार-पाच सेकंद लागून विझण्याचे हे एक अगदी साधे कारण आहे. चार्जिंग सुरू होते, प्रवाह वाढतो, व्होल्टेज पडते आणि यंत्र चार्जिंग सोडून देते.

जहाजावरून किंवा आखातातून आलेल्या वस्तूंच्या बाबतीत आणखी एक बाब तपासावी लागते. अशा चार्जरला बहुतेक वेळा चौकोनी तीन पिनांचा प्लग असतो आणि तो आपल्या गोल भोकांच्या सॉकेटमध्ये बसवण्यासाठी स्वस्तातला कन्व्हर्टर लावलेला असतो. गेल्या पावसाळ्यात हडफड्याच्या एका गृहस्थांनी आणलेल्या कन्व्हर्टरमधून चार्जर लावताना कानाला चुरचुर असा बारीक आवाज येत होता, आणि उघडून पाहिले तर आतली पितळी पट्टी एका बाजूने काळी पडून प्लास्टिक तपकिरी झाले होते. त्यांच्या पीएसपीत काहीच दोष नव्हता. मूळ अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे आपल्याकडील विजेचा त्याला अडथळा नाही. प्लग बदलून घ्यावा, म्हणजे कन्व्हर्टरची भानगडच राहत नाही.

पिवळ्या कडेच्या जॅकमध्ये टॉर्चचा उजेड पाडून पाहा. पिन घातल्यावर ती सैल डुलते का, एका बाजूला दाबून धरली की दिवा लागतो आणि सोडली की जातो का, हे पाहिले म्हणजे जॅकचा निकाल लागतो. मुलांनी चार्जर लावूनच खेळत खेळत यंत्र फिरवले, की जॅकच्या आतील स्प्रिंगपट्टी पसरते. पीएसपी-३००० चा जॅक छोट्या वायरसह वेगळा सुटा भाग म्हणून मिळतो आणि बोर्डावर खटक्याने बसतो. त्यामुळे बहुधा डाग देण्याची, म्हणजे सोल्डरिंगची, गरज पडत नाही, आणि स्क्रू उघडण्याची सवय असलेल्या माणसाला तासाभरात तो बदलता येतो.

इथपर्यंत सर्व ठीक निघाले आणि यंत्र बॅटरीशिवाय चालले, तर पुढचा मुक्काम बॅटरीच्या संपर्कांचा. येथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण गोव्यातील यंत्रांचे निम्मे दुखणे याच जागी असते आणि माझी स्वतःची फजितीही येथेच झालेली आहे. माझे दुकान नवे होते तेव्हा मोरजीचे एक ग्राहक शुक्रवारच्या बाजाराला म्हापशाला आले की पीएसपी घेऊन यायचे. मी त्यांना एक बॅटरी विकली. पुढच्या शुक्रवारी तक्रार घेऊन आले, तेव्हा दुसरी दिली. तिसऱ्या शुक्रवारी मी प्रथमच बॅटरीच्या कप्प्यात भिंग लावून पाहिले. तीन संपर्कांपैकी एकाच्या बुडाशी तांदळाच्या कणीएवढा हिरवट-पांढरा थर बसला होता. मी दोन्ही बॅटऱ्यांचे पैसे परत केले आणि थर पुसण्याचे पैसे मागण्याचे धाडस मला झाले नाही.

पीएसपीच्या बॅटरीला तीन संपर्क असतात. दोन धन आणि ऋण, आणि एक माहितीचा. बॅटरीत एक छोटी चिप असते. ती या तिसऱ्या संपर्कातून यंत्राशी बोलते, आपण कोण आहोत आणि किती शिल्लक आहे ते सांगते. धन आणि ऋण संपर्क स्वच्छ असून केवळ माहितीचा संपर्क गंजला, तर बॅटरीत वीज असूनही यंत्राला बॅटरीचा पत्ता लागत नाही किंवा लागून पुन्हा हरवतो. दिवा लागून विझण्याचे हे दुसरे कारण, आणि चार-पाच वर्षे बंद कपाटात राहिलेल्या आपल्या यंत्रात मला याचीच शंका अधिक येते. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात जून ते सप्टेंबर या काळात कपाटातील चामड्याच्या चपलांना बुरशी येते, तर पितळेवरचा पातळ मुलामा किती टिकणार? साखळी समुद्रापासून आत आहे, म्हणून खाऱ्या वाऱ्याचा त्रास कळंगुट-मोरजीपेक्षा कमी, पण दमटपणा तोच.

सफाईसाठी शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या हात धुण्याच्या सॅनिटायझरमध्ये पाणी आणि ग्लिसरीन असते, ते चालत नाही. बॅटरीवरील सपाट संपर्क पांढऱ्या खोडरबराने हलके घासावेत आणि भुगा झटकून अल्कोहोलने पुसावेत. यंत्राच्या कप्प्यातील संपर्क स्प्रिंगसारखे नाजूक असतात, त्यांना खोडरबर लावू नये. कान साफ करायच्या काडीचा कापूस पिळून बारीक करावा, अल्कोहोलमध्ये भिजवून संपर्काच्या लांबीच्या दिशेनेच चार-पाच वेळा फिरवावा आणि कापसावर हिरवा रंग येणे थांबेपर्यंत नवी काडी घेत राहावे. त्यानंतर तिन्ही संपर्क सारख्याच उंचीवर उभे आहेत का, हे बाजूने पाहावे. एखादा दबलेला असेल तर लाकडी टूथपिकने अगदी केसभर पुढे ओढावा. सॅंडपेपर, पिन आणि ब्लेड यांचा मोह टाळावा, कारण एकदा मुलामा खरवडला गेला की पुढच्या पावसाळ्यात तोच संपर्क दुपटीने गंजतो. सगळे पंधरा-वीस मिनिटे वाळू द्यावे आणि मगच बॅटरी घालावी.

आता त्या नव्या बॅटरीविषयी. पीएसपी-२००० आणि ३००० यांच्या मूळ बॅटरीवर ३.६ व्होल्ट, १२०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे १.२ अँपिअर-तास) असे लिहिलेले असते. गुणाकार केला तर सुमारे ४.३ वॅट-तास होतात. तेवढ्याच आकाराच्या बॅटरीवर ३६०० एमएएच छापलेले असेल, तर मूळ बॅटरीच्या तिप्पट ऊर्जा त्याच डबीत कोंबली असा दावा झाला, आणि तो छापणाऱ्याने मनाशी धरलेला आकडा आहे असे खुशाल समजावे. जास्त क्षमतेच्या खऱ्या बॅटऱ्या येत असत, पण त्या जाड असायच्या आणि त्यांच्यासोबत फुगीर झाकण यायचे. स्वस्त नकलेत क्षमतेपेक्षाही माहितीच्या चिपची गफलत अधिक नडते. यंत्र चालते, पण शिल्लक चार्जचा आकडा ८० वरून एकदम शून्यावर येतो किंवा चार्जिंग मध्येच थांबते.

मीटर असेल तर बॅटरीच्या धन आणि ऋण खुणांवर व्होल्टेज मोजावे. ४.२ च्या आसपास असेल तर ती पूर्ण भरलेली आहे, आणि तसे असल्यास दिवा चार-पाच सेकंदांत विझणे हा दोषच नव्हे, कारण नारिंगी दिवा चार्जिंग चालू असेपर्यंतच राहतो. ही शक्यता कमी असली तरी तपासून टाकावी. नव्या बॅटऱ्या बहुधा अर्धवट भरलेल्या येतात, म्हणजे ३.७ ते ३.८ व्होल्ट दिसायला हवेत. यंत्र चालू होत असेल तर सिस्टिम सेटिंग्जमधील बॅटरी इन्फर्मेशन उघडावे. तेथील टक्का आणि मीटरवरचा आकडा यांचा मेळ बसत नसेल, तर दोष चिपचा किंवा माहितीच्या संपर्काचा.

जुनी बॅटरी फुगलेली नसेल आणि मीटरवर शून्य किंवा दोन-अडीच व्होल्ट दाखवत असेल, तर ती कपाटातच मेली. लिथियम-आयन बॅटरी न वापरताही हळूहळू रिकामी होत असते, आणि आतले संरक्षक सर्किटही थोडी वीज पीत राहते. व्होल्टेज फार खाली गेले की हे सर्किट बॅटरीची वाट बंद करते. म्हणून मूळ चार्जर लावूनही आपल्याला दिवा दिसला नसावा. अशी बॅटरी कधी कधी मूळ चार्जरवर अर्ध्या तासाने जागी होते, आणि एकदा समोर बसून तसा प्रयत्न करायला हरकत नाही. पण व्हिडिओंमध्ये दाखवतात तसे दुसऱ्या बॅटरीच्या वायरी चिकटवून तिला झटका देऊ नये. दीर्घकाळ खोल रिकाम्या राहिलेल्या सेलमध्ये तांब्याची पट्टी विरघळते आणि पुन्हा चार्ज करताना तेच तांबे नको त्या जागी साचून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. तशी जागी केलेली बॅटरी मुलांच्या हातात देण्याजोगी राहत नाही.

यूएसबीचे गूढ तुलनेने सोपे आहे. पीएसपी-१००० यूएसबीवर चार्ज होतच नाही. २००० आणि ३००० होतात, पण सिस्टिम सेटिंग्जमध्ये यूएसबी चार्ज हा पर्याय चालू असावा लागतो, आणि बॅटरी पूर्ण रिकामी असल्यास अडॅप्टर लावल्याशिवाय सेटिंग बदलायला यंत्र चालूच होत नाही. शिवाय काही मोबाइल चार्जरवर हे चार्जिंग सुरूच होत नाही, तेच कॉम्प्युटरच्या पोर्टवर मात्र होते. त्यामुळे आपल्या तिसऱ्या लक्षणाला तूर्त काही अर्थ देऊ नये. अडॅप्टरने दीड-दोन तासांत होणारे काम यूएसबीवर त्याच्या दुपटीहून अधिक वेळ घेते, हेही ध्यानात असू द्यावे.

बॅटरीशिवाय यंत्र अडॅप्टरवर चालले नाही, आणि चार्जर व जॅक दोन्ही निर्दोष ठरले, तरच यंत्र उघडावे. जॅकच्या वायरी बोर्डाला जेथे जोडतात त्याच्या आसपास तांदळाच्या दाण्याहून लहान असे फ्यूज असतात आणि त्यांच्याशेजारी बोर्डावर इंग्रजी एफ अक्षर छापलेले असते. वीज पूर्ण काढून मीटर कंटिन्युइटीवर ठेवला आणि फ्यूजच्या दोन टोकांवर शिट्टी वाजली नाही, तर तो उडाला. वायरचा तुकडा टाकून फ्यूज जोडण्याची आपल्याकडे फार हौस आहे, पण फ्यूज उडतो तो पुढे काहीतरी बिघडल्यामुळे, आणि तारेने जोडल्यावर पुढच्या खेपेला चार्जिंगची आयसी, म्हणजे बोर्डावरील चिप, जळू शकते. त्याच क्षमतेचा फ्यूज लावावा, आणि तोही पुन्हा उडाला तर यंत्र जाणकाराकडे द्यावे. बोर्डावरील आयसी बदलणे हे गरम हवेच्या स्टेशनचे काम आहे, घरच्या सोल्डरिंग आयर्नने त्याच्या वाटेला जाऊ नये.

सांगितलेल्या लक्षणांवरून माझा क्रम असा राहील. नव्या बॅटरीवर दिवा काही सेकंद का होईना लागतो, म्हणजे जॅकमधून वीज आत येते आणि फ्यूज शाबूत आहे. तेव्हा प्रथम बॅटरीशिवाय चालवून पाहणे, मग संपर्कांची सफाई, मग भारावर चार्जरची चाचणी, आणि एवढे करूनही दिवा टिकला नाही तरच नवी बॅटरी विक्रेत्याला परत करून दुसऱ्या ठिकाणची घेणे. परत करण्याची मुदत सरण्याआधी हे आटपावे. बॅटरी चालू लागली, की वापर नसताना ती अर्धी भरून यंत्राबाहेर काढावी आणि सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा अर्धी भरावी. पूर्ण भरलेली बॅटरी एप्रिल-मेच्या उकाड्यात पत्र्याखालच्या खोलीत ठेवली, तर तीही लवकर म्हातारी होते.

चार्जिंगचे सर्किटच गेलेले निघाले, तरी यंत्र फेकू नये. पीएसपीची बॅटरी बाहेर काढून चार्ज करणारे वेगळे चार्जर मिळतात, आणि तेही नको असेल तर नुसत्या अडॅप्टरवर खेळता येते. तसे खेळताना एकच पथ्य पाळावे. बॅटरी नसल्याने वीज जाताच यंत्र त्या क्षणी बंद पडते, आणि नेमका त्याच वेळी खेळ मेमरी स्टिकवर सेव्ह होत असेल तर ती नोंद खराब होऊ शकते. मामांच्या काळापासूनच्या नोंदी त्या कार्डावर असतील, तर मुलांच्या हाती यंत्र देण्याआधी ते कार्ड कॉम्प्युटरला लावून सगळे फोल्डर उतरवून घ्यावेत.